प्रागने जपलेली नावे आणि आमची झाडीपट्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपची सहल करून आलेल्या वैदर्भीय वाचकांची वर्णने आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात आणि मी ती आवडीने वाचतो. स्वच्छ रस्ते, वेळेवर येणाऱ्या ट्राम, जुन्या इमारतींची निगा यांचे कौतुक त्यांत असते आणि ते रास्तच आहे. गेल्या मे महिन्यात मलाही प्राग पाहण्याचा योग आला. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जर्मनीत राहतात. त्यांनी आम्हा उभयतांना तेथून रेल्वेने प्रागला नेले. आता आमच्याकडे धानाची कापणी सुरू आहे, गावोगावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, तारखा लागल्या आहेत, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांत बुकिंगसाठी मंडळांची ये-जा वाढली आहे, आणि नेमक्या याच दिवसांत मला प्राग पुन्हा पुन्हा आठवते आहे. त्या शहराने आपल्या माणसांची नावे ज्या चिकाटीने लिहून ठेवली, पुसली गेली तेव्हा पुन्हा लिहिली, त्या चिकाटीविषयी आणि पूर्व विदर्भातील आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीला तिची किती गरज आहे याविषयी हे पत्र आहे.

प्रागच्या जुन्या भागाला १९९२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. व्ल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल, पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला, अरुंद दगडी गल्ल्या यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत, म्हणून त्यांचे वर्णन मी लांबवत नाही. पुलाचे बांधकाम १३५७ मध्ये सुरू झाले. त्यावरच्या ३० पुतळ्यांपैकी बहुतेक आता प्रतिकृती आहेत आणि मूळ पुतळे ऊन-पावसापासून दूर, संग्रहालयाच्या ताब्यात आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. गर्दी मात्र फार. पुलावर आणि चौकात दिवसभर पर्यटकांचे लोंढे चालतात, जुन्या घरांच्या तळमजल्यांवर भेटवस्तूंची दुकाने ओळीने लागली आहेत आणि तेथे राहणारी माणसे कमी होत चालली आहेत, ही गोष्ट मला खटकली. शहर जपण्याच्या बाबतीत प्रागचे सगळेच अनुकरणीय आहे, असे माझे म्हणणे नाही.

जुन्या नगरभवनाशेजारच्या फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसवलेले आहेत. १६२० च्या लढाईत, सम्राटाविरुद्ध उठलेल्या बोहेमियातील (आजच्या चेक देशातील) सरदारांचा पराभव झाल्यानंतर २१ जून १६२१ रोजी या चौकात २७ जणांना देहदंड देण्यात आला. त्यांत सरदार होते, सामान्य दर्जाचे जहागीरदार होते आणि शहरातील नागरिकही होते. भिंतीवरच्या फलकात या सर्वांची नावे कोरलेली आहेत. मुलीने ती आम्हाला अक्षरे लावत वाचून दाखवली. मागून येणारी माणसे क्रूसांवरून पाय टाकत घड्याळाकडे धावत होती, तरी नावे आपल्या जागी होती आणि थांबणाऱ्याला ती वाचता येत होती.

ज्या घड्याळाकडे ही धाव असते, त्याच्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण आमच्यासारख्या पंचांग पाहणाऱ्या माणसाला ते आपल्याच घरातले वाटते. १४१० सालचे हे यंत्र केवळ तास दाखवत नाही. सूर्य आणि चंद्र कोणत्या राशीत आहेत, चंद्राची कला कोणती, सूर्योदय व सूर्यास्त केव्हा, हे सारे एका तबकडीवर दिसते. तिच्या बाहेरच्या कड्यावर २४ आकडे जुन्या वळणाच्या लिपीत आहेत आणि त्यावर सूर्यास्तापासून मोजला जाणारा जुना बोहेमियन काळ वाचता येतो. सूर्यास्ताची वेळ बदलते तसे ते कडेही वर्षभर मागे-पुढे सरकते. या घड्याळाविषयी एक दंतकथा पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली: हानुश नावाच्या कारागिराने ते बनवले आणि त्याने दुसऱ्या शहरासाठी असे घड्याळ करू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले. कथा परिणामकारक आहे, पण खरी नाही. १४१० मधला एक दस्तऐवज अभ्यासकांच्या हाती आला आणि त्यातून स्पष्ट झाले की, घड्याळ कादान येथील मिकुलाश या कारागिराने केले होते. त्यामागच्या गणिताचे श्रेय विद्यापीठातील खगोलज्ञ यान शिंडेल यांना दिले जाते. म्हणजे शतकानुशतके ज्याचे नाव कोणी घेत नव्हते, त्या माणसाला त्याचे काम परत मिळाले ते एका जपून ठेवलेल्या कागदामुळे. १९४५ च्या मे महिन्यात, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, नगरभवनाला आग लागून घड्याळाचीही मोठी हानी झाली, आणि तीनच वर्षांत ते पुन्हा चालू करण्यात आले.

ज्यू वस्तीतील पिंकास प्रार्थनागृहात आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या गर्दीचा आवाज एकदम मागे पडला. तेथे मूर्ती नाही, चित्र नाही. भिंती वरपासून खालपर्यंत नावांनी भरलेल्या आहेत. बोहेमिया आणि मोराव्हिया प्रांतांतील, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांची ही नावे आहेत. आधी गाव, मग आडनाव लाल अक्षरांत, त्यापुढे एकेका माणसाचे नाव आणि काळ्या अक्षरांत तारखा, अशी त्यांची मांडणी आहे. एकाच आडनावापुढे पाच-सहा नावे दिसली की ते एक घर होते हे कोणी सांगावे लागत नाही. ही नावे पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली गेली. १९६८ मध्ये पायातून पाणी झिरपू लागल्याने इमारत बंद झाली आणि पुढे अक्षरे नष्ट झाली. साम्यवादी राजवट गेल्यानंतर १९९२ ते १९९६ या काळात ती सगळीच्या सगळी पुन्हा हाताने लिहिण्यात आली. मग २००२ च्या महापुरात हे प्रार्थनागृह पाण्यात सापडले आणि पुन्हा दुरुस्ती करावी लागली. या चिकाटीपुढे मला बोलायला शब्द सुचले नाहीत. सौभाग्यवती एका कोपऱ्यात बराच वेळ एकाच कुटुंबाच्या ओळीसमोर उभी होती.

तथापि ज्या वास्तूमुळे मला हे पत्र लिहावेसे वाटले, ती म्हणजे नदीकाठचे राष्ट्रीय नाट्यगृह. एकोणिसाव्या शतकात प्राग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. सरकारी कचेरी, उच्च शिक्षण, प्रतिष्ठितांचे व्यवहार यांची भाषा जर्मन होती आणि चेक ही खेड्यापाड्यांची, नोकरचाकरांची भाषा समजली जाई. शहरात उत्तम नाट्यगृह नव्हते असे नाही. मोझार्टच्या एका प्रख्यात संगीतिकेचा पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ रोजी प्रागच्याच एका नाट्यगृहात झाला आणि ती वास्तू आजही चालू आहे. पण चेक भाषेला हक्काचे, मोठे असे नाट्यगृह नव्हते. १८६२ मध्ये एक लहान, तात्पुरते नाट्यगृह उभे राहिले. मोठ्या वास्तूसाठी चेक लोकांनी गावोगाव वर्गणी गोळा केली. सम्राटाने आणि उमरावांनीही देणग्या दिल्या, हे नमूद केले पाहिजे. पण ज्यांना प्रागला येऊन नाटक पाहणे कधी शक्य होणार नव्हते, अशा खेड्यांतील माणसांनीही आपली नाणी त्यात टाकली. १६ मे १८६८ रोजी पायाभरणी झाली तेव्हा बोहेमिया-मोराव्हियातील निरनिराळ्या ठिकाणांहून पायाचे दगड आणले गेले. लोककथेत चेकांच्या आदिपुरुषाशी जोडलेल्या र्झिप डोंगराचा दगड त्यांत होता, ब्लानिकचा होता, राधोश्तचा होता. अमेरिकेतील शिकागोत जाऊन राहिलेल्या चेक लोकांनीही आपला दगड पाठवला. हे दगड आज नाट्यगृहाच्या तळघरात पाहायला मिळतात. प्रत्येकावर तो कोठून आला ते कोरलेले आहे. मी एका दगडावर हात ठेवून पाहिला. तो गार आणि ओबडधोबड होता, आणि ज्या गावाने तो दिला त्याचे नाव त्यावर होते.

११ जून १८८१ रोजी चेक संगीतकार स्मेताना यांच्या ‘लिबुशे’ या संगीतिकेने नाट्यगृह उघडले. ती रचना १८७२ मध्येच पूर्ण झाली होती आणि याच प्रसंगासाठी राखून ठेवली होती. मधल्या काळात, १८७४ मध्ये, स्मेताना यांना पूर्ण बहिरेपण आले. दोन महिने होतात न होतात तोच, १२ ऑगस्ट १८८१ रोजी, छताच्या कामावरील कारागिरांच्या हलगर्जीपणातून आग लागली आणि घुमट, प्रेक्षागृह, रंगमंच, रंगवलेला मुख्य पडदा असे सारे जळाले. त्यानंतर जे घडले ते वाचून कोणाही नाटकवेड्या माणसाचा ऊर भरून यावा: अवघ्या ४७ दिवसांत लोकांनी पुन्हा दहा लाख गुल्डन (तेव्हाचे ऑस्ट्रियाचे चलन) उभे केले. मूळ वास्तुशिल्पी योसेफ झीटेक यांच्यानंतर योसेफ शुल्झ यांनी काम तडीस नेले आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, त्याच ‘लिबुशे’ने, नाट्यगृह दुसऱ्यांदा उघडले. रंगमंचाच्या कमानीवर ‘राष्ट्राकडून स्वतःस’ अशा अर्थाचे दोन चेक शब्द सोन्याच्या अक्षरांत आहेत, आणि नव्या पडद्यावर चित्रकार हिनाइस यांनी रंगवले आहे तेही या वास्तूसाठी धडपडलेल्या, दान देणाऱ्या लोकांचेच चित्र.

संपादक महोदय, त्या पडद्याकडे पाहताना मला आमचे पडदे आठवले. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा; गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतील ज्याने लहानपणी मंडईतले नाटक पाहिले आहे त्याला ते डोळे मिटून सांगता येतील. ते रंगवणारे पेंटर आमच्याच तालुक्यांतले होते. त्यांतल्या किती जणांची नावे आज कोणाला सांगता येतात?

झाडीपट्टीची रंगभूमी बाहेरच्या वाचकांना फारशी ठाऊक नाही, म्हणून चार ओळी लिहितो. दिवाळीनंतर मंडई भरते, कोठे शंकरपट (बैलांच्या शर्यती) असतो, आणि त्या निमित्ताने गावात रात्रभराचे नाटक ठेवले जाते. पाहुणे येतात, माहेरवाशिणी येतात, घरोघर चुली पेटत्या राहतात. रात्री दहाच्या सुमारास नांदी होते आणि कोंबडा आरवेपर्यंत माणसे कांबळी-चादरी पांघरून बसलेली असतात. पुढ्यात पायपेटी आणि तबला, आता त्यांच्या जोडीला ऑक्टोपॅड. खर्च तिकिटावर आणि गावाच्या वर्गणीवर भागतो. दंडार, खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांच्या मातीतून ही नाटके वाढली आणि सरकारी अनुदानाची वाट न पाहता टिकली. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा आरंभ केला त्याची आठवण आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला काढतो, आणि काढलीच पाहिजे. मात्र हंगामात एकेका रात्री कित्येक गावांत हजारोंनी माणसे मराठी नाटक पाहत बसलेली असतात ती या वैनगंगेच्या खोऱ्यात, ही गोष्ट त्या दिवशीच्या भाषणांत यायला हवी.

चेक लोकांनी आपल्या बोलीसाठी वर्गणीतून नाट्यगृह बांधले; आमच्या गावांनी वर्गणीतून दरवर्षी, एका रात्रीपुरते का होईना, नाट्यगृह उभे केले. श्रद्धेत आणि खर्चात आमची गावे कोणापेक्षा कमी नाहीत. फरक आहे तो नोंदीत. प्रागच्या तळघरातला दगड कोणत्या डोंगरावरून आला ते १८६८ पासून आजतागायत वाचता येते, आणि आमच्या गावात तीस वर्षांपूर्वी नायकाची भूमिका कोणी केली, नाटक कोणी लिहिले, पेटीवर कोण होते, हे सांगणारी दोन-चार माणसेच उरली आहेत.

एक उदाहरण देतो. मी ज्या वाचनालयाचे काम पाहतो तेथे एका सभासदाने घरातील जुन्या पोथ्यांबरोबर एक हस्तपत्रक आणून दिले. गुलाबी, पातळ कागद. चार घड्या, आणि घडीच्या रेषेवर अक्षरे गेलेली. वर ग्रामदैवताचे नाव, मधोमध जाड ठशात नाटकाचे नाव, खाली तिकिटाचे दर: खुर्ची दोन रुपये, जमीन आठ आणे, ‘स्त्रियांकरिता बसण्याची स्वतंत्र सोय केली आहे’. त्यानंतर पात्रपरिचय आहे, पण पात्रांपुढे ‘बापूजी’, ‘गुरुजी’, ‘पाटील’ एवढेच छापले आहे, आणि नायिकेपुढे ‘गावचेच एक होतकरू नट’. लेखकाचे नाव नाही. प्रयोगाचा दिवस ‘मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शनिवार’ असा दिला आहे. सन छापण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण ज्यांच्यासाठी पत्रक होते त्यांना ते साल माहीतच होते. तिथी आणि वार जुळवून जुन्या पंचांगांवरून काही सालांची शक्यता निघते, पण नेमके एक साल ठरवता येत नाही. लुगडे नेसून रात्रभर सारे गाव रडवणारा तो होतकरू नट कोण होता, हे आता विचारायचे कोणाला, हा प्रश्न माझ्यापुढे आहे.

संहितांची स्थिती याहून नाजूक आहे. झाडीपट्टीतील बहुतेक नाटके हस्तलिखितावरून बसवली जातात. एक प्रत तालीम घेणाऱ्याजवळ, एक सूचकाजवळ. हंगाम संपला की वही पेटीत जाते आणि पेटी माळ्यावर. वाळवी आणि उंदीर आहेतच. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुरात काठच्या गावांत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा धान्य, कागदपत्रे, गुरे यांचे पंचनामे झाले. भिजलेल्या नाटकाच्या वह्यांचा पंचनामा होत नसतो.

कोणीच काही केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आणि इथल्या लोककलांसाठी आयुष्यभर काम केले आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुरखेड्यापासून साकोलीपर्यंत प्रत्येक कलावंताला आपला सन्मान झाल्यासारखे वाटले. अभ्यासक अधूनमधून येतात, मुलाखती घेतात, प्रबंध लिहितात. पण एका माणसाच्या निष्ठेवर आणि बाहेरून येणाऱ्यांच्या सवडीवर ही नोंद अवलंबून राहू नये. ती गावाने स्वतः ठेवायची गोष्ट आहे, आणि त्यासाठी सोन्याची अक्षरे किंवा संगमरवरी वास्तू लागत नाही.

यंदाच्या मंडईपासूनच हे सुरू करता येईल. ज्या मंडळाने नाटक ठेवले आहे त्याने एका जाड वहीत त्या रात्रीची नोंद करावी: तारीख आणि सन, नाटक, लेखक, कंपनी, प्रत्येक नट-नटीचे पूर्ण नाव आणि गाव, पेटी-तबल्याची साथ, पडदे आणि नेपथ्य कोणाचे, मंडप कोणी घातला. हे लिहायला दोन पानांहून जास्त जागा लागणार नाही. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही येथील छापखानदारांना माझी विनंती आहे की, छापलेल्या प्रत्येक पोस्टरची एक प्रत त्यांनी बाजूला ठेवावी आणि हंगामाच्या शेवटी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. ज्यांच्या घरी जुन्या संहिता आहेत त्यांनी मूळ वही कोणाच्या हवाली करू नये, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अभ्यासाला म्हणून नेलेल्या वह्या परत न आल्याची तक्रार मी अनेक वृद्ध कलावंतांकडून ऐकली आहे. वही घरीच राहू द्यावी आणि पानापानाची स्वच्छ उजेडात छायाचित्रे घ्यावीत. हातात मोबाइल असलेला कोणताही नातू हे काम एका दुपारी करू शकतो. २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आमच्या दाराशी आहे. ही छायाचित्रे एका ठिकाणी, नावनिशीवार ठेवण्याची जबाबदारी विद्यापीठाने घेतली, तर गावांना ती पाठवायला खात्रीचे ठिकाण मिळेल.

जुन्या कलावंतांच्या बाबतीत थांबायला वेळ नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्याजवळ बसून गावोगावच्या प्रयोगांची, सहकलाकारांची, पडदे रंगवणाऱ्यांची नावे विचारून घ्यायची असतील तर ती याच हिवाळ्यात विचारली पाहिजेत. आमच्या वाचनालयाने दर रविवारी सकाळी अशा एका ज्येष्ठ कलावंताला बोलावून त्यांचे कथन ध्वनिमुद्रित करायचे ठरवले आहे आणि शेजारच्या गावांतील वाचनालयांनीही तसे करावे, असे पत्र त्यांना पाठवले आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. नाटकांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, आपल्या जिल्हा आवृत्त्यांत आठवड्यातून एकदा झाडीपट्टीतील एक जुने हस्तपत्रक किंवा छायाचित्र छापावे आणि त्यातील माणसे ओळखणाऱ्या वाचकांची पत्रे पुढच्या आठवड्यात त्याखाली द्यावीत. पहिल्या अंकासाठी वर उल्लेखिलेल्या गुलाबी पत्रकाची स्पष्ट प्रत सोबत जोडली आहे. ‘बापूजी’ आणि ‘होतकरू नट’ कोण होते हे सांगू शकणारे कोणी कुरखेडा, आरमोरी, वडसा किंवा ब्रह्मपुरी तालुक्यांत असतील, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह,
ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली